लांडग्यांनी डोळे उघडावेत

हडर्सफील्डला, बंद पडलेल्या गालिच्यांच्या दुकानावरच्या खोलीत
दर गुरुवारी आमचं एक गाव वसतं.
आठ खुर्च्या, त्यातली एक बागेतली, प्लास्टिकची.
गिलियन पानं वाटते.
तिची शाळा सुटून नऊ वर्षं झाली, आवाज अजून वर्गातला:
"गाव झोपलं."
आणि आम्ही पन्नाशीचे, साठीचे, एक एकोणिसाचा कॅलम,
मुकाट डोळे मिटतो.

द्रष्ट्याला रात्री एकच प्रश्न.
बोट दाखवायचं; गिलियन मान हलवते, हो किंवा नाही.
असा एक प्रश्न मला खऱ्यात मिळाला तर
कुणाकडे बोट करायचं, हे मी बसमध्ये ठरवत असते.
दर वेळी माणूस बदलतो.

वैद्य एकाला वाचवतो.
नसरीन वैद्य झाली की पहिल्या रात्री स्वतःलाच वाचवते
आणि वर सांगते, मुलं लहान आहेत माझी.
शिकारी मरताना एकाला सोबत नेतो.
टोमाशला ते पान भारी आवडतं,
तो मरायची वाटच बघत असतो.
आणि एक पान असं, की त्यावर द्रष्टा लिहिलेलं असतं
पण तो द्रष्टा नसतो,
त्याला मिळणारी उत्तरं खोटी,
आणि हे फक्त गिलियनला ठाऊक.
या पानाबद्दल आम्ही फार बोलत नाही.

उरलेले गावकरी. त्यांना काहीच येत नाही,
हात वर करता येतो, एवढंच.
गाव करी ते राव न करी म्हणतात;
आमचं गाव दर गुरुवारी
भलत्यालाच फासावर देतं.

सात महिने मला गावकरीच येत होतं.
मी गप्प, म्हणून संशयित.
"ही फार विचार करून बोलते," कॅलम म्हणायचा.
अरे बाळा, मी वाक्य जुळवत असते,
क्रियापद कुठे ठेवू ते बघत असते.

मग जानेवारीत एकदा पान उलटलं तर लांडगा.
"लांडग्यांनी डोळे उघडावेत."
उघडले.
समोर डेस्मंड.
तीस वर्षं बस चालवलेला, गुडघ्यावर टोपी ठेवून बसलेला.
सहा माणसं डोळे मिटून, तोंडं जराशी उघडी,
फ्रिजची घरघर,
आणि जागे आम्ही दोघंच.
त्याने भुवई उचलली: कोण?
मी हनुवटीने नसरीन दाखवली.
एवढंच.
पण या देशात अकरा वर्षं झाली,
मी कोण ते पक्कं ठाऊक असून
कुणी असं बघितलं नव्हतं माझ्याकडे.

सकाळी मी बोलले.
खोटं बोलताना क्रियापदं आपोआप जागेवर बसली.
लोक मान डोलवत होते.
वीस मिनिटं मी या गावची होते.

तिसऱ्या दिवशी कॅलमने डेस्मंडकडे बोट केलं.
अर्धे हात वर, अर्धे मांडीवर.
सगळे माझ्याकडे.
तो मात्र खिडकीबाहेर, वाहनतळाकडे बघत होता,
पाहुण्याने दुसऱ्याच्या घरातलं भांडण ऐकू नये तसा.
मी हात वर केला.

त्याने पान उलटं केलं, टोपी घातली,
प्लास्टिकच्या खुर्चीत जाऊन बसला.
मेलेल्यांना बोलता येत नाही,
डोळे मात्र उघडे ठेवायची मुभा असते.
त्या रात्री मी एकटीने डोळे उघडले
तर तो होता.
मी भुवई उचलली.
त्याने फ्रिजकडे नजर वळवली. नियम म्हणजे नियम.

जिंकले मी. गिलियनने बिस्किटांचा डबा माझ्यापुढे सरकवला.

थांब्यावर बोचरं धुकं. डेस्मंड हातमोजे घालत म्हणाला,
"हात उशिरा वर केलास.
पुढच्या वेळी आधी कर.
शेवटच्या हाताकडे लोक बघतात."

बस आली. त्याने ड्रायव्हरला नावाने हाक मारली.
मी कार्ड टेकवलं, वरच्या मजल्यावर गेले
आणि मार्शपर्यंत डोळे उघडेच ठेवले.